1,509 मतं आणि एक पिपाणी

तानाजी सावंत 1,03,254, राहुल मोटे 1,01,745. नोव्हेंबर 2024 मध्ये परंडा विधानसभेचा निकाल लागला तो असा. फरक 1,509 मतांचा. गावोगावचे बूथ सांभाळणारे कार्यकर्ते मात्र यादीत खाली सरकले आणि पिपाणी हे चिन्ह घेऊन उभ्या असलेल्या अपक्षाच्या आकड्यावर थांबले: 4,446. मोटेंचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस.

ही सगळी मतं चुकून गेली, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त मतं जरी मोटेंकडे वळली असती, तरी आमदार बदलला असता. साताऱ्यात त्याच वर्षी लोकसभेला हेच घडलं होतं. तुतारीवरच लढलेले शशिकांत शिंदे 32,771 मतांनी पडले आणि पिपाणीला 37,062 मतं पडली होती.

चिन्ह म्हणजे काय, ते प्रचाराच्या शेवटच्या दोन दिवसांत कळतं. कार्यकर्ते नमुना मतपत्रिका घेऊन घरोघर जातात. ओसरीवर बसलेल्या आजीपुढे कागद धरायचा, तिचं बोट धरून चित्रावर ठेवायचं, कितव्या नंबरला आहे ते तिच्याकडून दोनदा म्हणवून घ्यायचं. मतदार यादीत नाव शोधून देणं, चिठ्ठी पोचवणं, म्हाताऱ्या माणसाला गाडीवर बसवून केंद्रापर्यंत नेणं, हे सगळं पक्षाचा साधा माणूस करतो. पक्ष लोकशाही बळकट करतात ते इथे, आणि त्याचं श्रेय या माणसाला कधीच मिळत नाही.

त्याने वर्षानुवर्षं घोटून घेतलेलं चित्र वरचे लोक एका रात्रीत बदलतात. मोटेंनी 2004, 2009 आणि 2014 अशा तीन निवडणुका घड्याळावर जिंकल्या. राष्ट्रवादी पक्ष फुटला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये निवडणूक आयोगाने घड्याळ अजित पवारांकडे दिलं. धनुष्यबाणाचंही तेच. ज्ञानेश्वर पाटलांनी 1995 आणि 1999 ला तो परंड्यात निवडून आणला. 2024 मध्ये तोच बाण एकनाथ शिंदेंच्या शिवसेनेकडून सावंतांच्या हाती होता आणि पाटलांच्या मुलाचं नाव उद्धव ठाकरेंच्या यादीत मशालीवर आलं. तिकडे शरद पवारांच्या पक्षाने मोटेंना उभं केलं. एकाच आघाडीचे दोन उमेदवार! पाटलांच्या मुलाने माघार घेतली तेव्हा कुठे लढत सरळ झाली. तोवर कार्यकर्त्यांनी कुणाच्या दारात जायचं होतं?

या गोंधळाचं मूळ ए-बी फॉर्ममध्ये आहे. पक्षाच्या वतीने सही कोण करणार ते ए फॉर्म सांगतो, उमेदवार कोण ते बी फॉर्म. दोन्हींवर शाईची सही लागते, झेरॉक्स चालत नाही आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत ते कागद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचावे लागतात. म्हणून तिकिटासाठी मुंबईत मुक्काम पडतात. सही करणारा एक, आणि तालुक्यातल्या हजारो सदस्यांपैकी एकालाही कुणी विचारत नाही.

धाराशिव लोकसभेला तर एप्रिल 2024 मध्ये भाजप आमदार राणाजगजितसिंह पाटील यांच्या पत्नी अर्चना पाटील यांचा अजित पवारांच्या राष्ट्रवादीत प्रवेश आणि उमेदवारी एकाच दिवशी झाली. मतदारांनी ओमराजे निंबाळकरांना 3,29,846 मतांनी निवडून दिलं. परंड्याचा मतदार याच मतदारसंघात येतो. वरून लादलेलं तो निमूट गिळतो, असा समज कुणी करून घेऊ नये.

विधी आयोगाने 1999 मध्ये आपल्या 170 व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीसाठी कायदा करा असं सुचवलं होतं. तो कायदा अजून झालेला नाही. पक्षांतरबंदीचा कायदा 1985 पासून आहे, पण तो आमदाराला पक्षाशी बांधतो, पक्षाला सदस्याशी नाही.

तेव्हा ज्यांच्याकडे कुठल्याही पक्षाची सदस्यत्वाची पावती आहे, त्यांनी पुढच्या निवडणुकीआधी तालुक्याच्या बैठकीत उभं राहून एवढंच मागावं: उमेदवाराचं नाव मुंबईला जाण्याआधी इथे आमचं मतदान घ्या.