मॅरियन मोटली : आकडेवारीत न मावणारा फुलबॅक

नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजेच एनएफएल, या अमेरिकन फुटबॉलच्या प्रमुख व्यावसायिक संघटनेत १९३४ ते १९४५ या काळात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९४६ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने केनी वॉशिंग्टन व वुडी स्ट्रोड यांना घेऊन ही अलिखित बंदी मोडली आणि त्याच वर्षी ऑल-अमेरिका फुटबॉल कॉन्फरन्स या नव्या, प्रतिस्पर्धी संघटनेतील क्लीव्हलँड ब्राउन्सने बिल विलिस व मॅरियन मोटली यांना संघात स्थान दिले. बेसबॉलमधील अशीच बंदी मोडणारे जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये उतरले ते त्यानंतरच्या वर्षी.

जॉर्जिया राज्यातील लीसबर्ग येथे ५ जून १९२० रोजी जन्मलेले मोटली ओहायोतील कँटन शहरात वाढले. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या ग्रेट लेक्स प्रशिक्षण केंद्राच्या संघात ते प्रशिक्षक पॉल ब्राउन यांच्या हाताखाली खेळले आणि पुढे ब्राउन यांनीच त्यांना क्लीव्हलँडला बोलावले. सुमारे १०५ किलो वजनाचे मोटली फुलबॅक होते, म्हणजे चेंडू घेऊन मुसंडी मारणे आणि चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅककडे धावून येणाऱ्यांना अडवणे, अशी दोन्ही कामे त्यांच्याकडे होती. क्वार्टरबॅक ऑटो ग्रॅहम यांनी चेंडू फेकण्याचा आविर्भाव करावा, बचावपटूंनी त्यांच्याकडे झेपावावे आणि त्यामुळे मोकळ्या झालेल्या वाटेने चेंडू घेऊन मोटली यांनी निसटावे, ही ‘ड्रॉ’ नावाची चाल ब्राउन्सचे हुकमी अस्त्र ठरली.

ब्राउन्सने नव्या संघटनेची चारही विजेतेपदे जिंकली. १९५० मध्ये एनएफएलमध्ये दाखल होताच त्यांनी तेथीलही विजेतेपद मिळवले आणि त्या हंगामात ८१० यार्ड धावून मोटली लीगमध्ये अव्वल ठरले. पिट्सबर्गविरुद्ध केवळ ११ धावांत त्यांनी १८८ यार्ड मजल मारली. एकूण कारकिर्दीत ८२८ धावांत ४,७२० यार्ड, म्हणजे दर धावेमागे ५.७ यार्ड, ही सरासरी असामान्य आहे. तरीही ग्रॅहम यांना निर्धास्तपणे चेंडू फेकता यावा म्हणून मोटली यांनी झेललेल्या धडकांची नोंद कोणत्याही तक्त्यात नाही, आणि त्यांची खरी थोरवी याच कामात आहे.

या यशाला अपमानाची किनार होती. वर्णभेदाच्या दडपणामुळे १९४६ मधील मायामीच्या सामन्याला त्यांना व विलिस यांना मुकावे लागले; मैदानावर प्रतिस्पर्धी बुटांनी हात तुडवत आणि पंच त्याकडे काणाडोळा करत. निवृत्तीनंतर एनएफएलमध्ये प्रशिक्षक होण्याची त्यांची इच्छा असूनही ती संधी त्यांना मिळाली नाही. १९६८ मध्ये कँटनमधीलच प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला; हा मान मिळवणारे ते दुसरे कृष्णवर्णीय खेळाडू. मात्र आधुनिक एनएफएलमध्ये मुख्य प्रशिक्षकपदी कृष्णवर्णीय व्यक्ती, आर्ट शेल, आली ती १९८९ मध्ये. १९९९ मध्ये निधन पावलेल्या मोटली यांचा खेळ लीगने गौरवला, पण त्यांच्या खेळाच्या जाणकारीचा उपयोग करून घेण्याचे तिने नाकारले. त्यांच्यावरील या अन्यायाची नोंद त्यांच्या विक्रमांच्या शेजारीच व्हायला हवी.