कार्ड जळलं की पुरवठाच ढेपाळला?

गिरगावातून लॅमिंग्टन रोड हाकेच्या अंतरावर. कागदोपत्री तो डॉ. भडकमकर मार्ग, पण संगणकाचं दुखणं घेऊन येणारा कुणी तसं म्हणत नाही. ‘ग्राफिक्स कार्ड उडालं,’ एवढंच सांगतो. जरा थांबा. गेम सुरू होताच संगणक बंद पडत असेल, तर पहिला संशय पॉवर सप्लायवर घ्यावा. कॅबिनेटबरोबर आलेला स्वस्तातला डबा वर छापलेले वॅट देईलच असं नाही.

बेस्टची २३० व्होल्टची वीज हा डबा १२ व्होल्टवर आणतो. कार्डावर ताण असताना मल्टिमीटरवरचा आकडा ११.४ ते १२.६ यांच्या मध्ये राहायला हवा. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला फार तर ७५ वॅट मिळतात, आठ पिनांच्या केबलमधून १५०. नव्या कनेक्टरमधून मात्र ६०० वॅट, म्हणजे ५० अँपिअर, सहा पिनांवाटे जाऊ शकतात. प्लग नीट बसला नाही, की सांध्यातला रोध वाढतो, उष्णता साठते आणि प्लास्टिक वितळतं. २०२२ मध्ये अनेकांच्या आरटीएक्स ४०९० कार्डांचं असंच झालं. करपट वास आला, पिनांभोवती तपकिरी कडा दिसली, तर ‘एकदा चालू करून बघू’ नको.

आणि पॉवर सप्लाय घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट उरलेले असू शकतात.