सार्वजनिक गोल्फ मैदानांचे भवितव्य : ब्रिटनमधील अनुभवाच्या संदर्भात

प्रस्तावना
ब्रिटनमध्ये समुद्रकिनाऱ्यालगतच्या वालुकामय भूमीवरील गोल्फ मैदानांना ‘लिंक्स’, तर अंतर्भागातील वृक्षराजीयुक्त, हिरवळीच्या मैदानांना ‘पार्कलँड’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारची काही मैदाने जुन्या सरदारी वाड्यांच्या आवारात असून ती स्थानिक कौन्सिलांच्या मालकीची आहेत. खाजगी क्लबचे सभासदत्व न परवडणाऱ्यांनाही शुल्क भरून तेथे खेळता येते. आज अशा अनेक मैदानांचे भवितव्य अनिश्चित आहे. प्रस्तुत लेखात या अनिश्चिततेची कारणे व तीमधील मूलभूत प्रश्न यांचा परामर्श घेतला आहे.

अनिश्चिततेची कारणे
वृद्धांची व बालकांची सामाजिक देखभाल हे कौन्सिलांचे वैधानिक कर्तव्य आहे. गोल्फ मैदान चालविणे मात्र ऐच्छिक आहे. २०१० नंतर केंद्रीय अनुदानात मोठी कपात झाल्याने ऐच्छिक सेवांवर प्रथम गदा आली. शिवाय १८ होलचे मैदान विस्तीर्ण भूमी व्यापते, परंतु एका वेळी तेथे मोजकेच लोक खेळू शकतात. त्यामुळे ही भूमी सर्वांसाठी का नसावी, असा प्रश्न उपस्थित होतो.

दोन उदाहरणे
दक्षिण लंडनमधील बेकनहॅम प्लेस पार्क १९२७ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलने संपादन केले. तेथील वाडा दीर्घकाळ गोल्फचे क्लबहाऊस म्हणून वापरला जात होता. लुइशम कौन्सिलने खेळाडूंचा विरोध असतानाही २०१६ मध्ये मैदान बंद केले. वारसा लॉटरी निधीच्या सुमारे ४९ लाख पौंडांच्या साहाय्याने उद्यानाचे नूतनीकरण होऊन २०१९ मध्ये जुना तलाव पोहण्यासाठी खुला झाला. अल्प खर्चात खेळणाऱ्यांनी आपले मैदान गमावले. भूमी मात्र सार्वजनिकच राहिली.

विम्बल्डन पार्कची कथा वेगळी आहे. मर्टन कौन्सिलने १९९३ मध्ये तेथील गोल्फ मैदान टेनिस क्लबला ५२ लाख पौंडांना विकले. विक्रीच्या वेळी बांधकामावर निर्बंध घालणाऱ्या अटी होत्या. तरीही ८,००० आसनांच्या स्टेडियमसह नवी टेनिस कोर्टे उभारण्यास सप्टेंबर २०२४ मध्ये नियोजन परवानगी मिळाली आणि वाद न्यायालयात गेला.

कायदेशीर बाजू
१९७२ च्या स्थानिक शासन कायद्याच्या कलम १२३ नुसार कौन्सिलने जमीन विकताना सामान्यतः शक्य तितका उत्तम मोबदला मिळवावयाचा असतो. जमीन सार्वजनिक खुली जागा असल्यास सलग दोन आठवडे स्थानिक वृत्तपत्रात सूचना देऊन हरकतींचा विचार करावा लागतो. ही औपचारिकता क्षुल्लक नाही. डे विरुद्ध श्रॉपशायर कौन्सिल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असा निर्णय दिला की, सार्वजनिक मनोरंजनासाठी वैधानिक न्यासाखाली धारण केलेली भूमी सूचनेविना विकल्यास जनतेचे हक्क विक्रीनंतरही अबाधित राहतात.

निष्कर्ष
वरील विवेचनावरून असे दिसते की, गोल्फ चालू ठेवावे की बंद करावे हा प्रश्न दुय्यम आहे. वापरातील बदल पुढील पिढी फिरवू शकते. मालकीतील बदल फिरविणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून मैदानाच्या वार्षिक तोट्याचा हिशेब मांडताना त्याच्या वापराचा निर्णय आणि भूमीच्या विक्रीचा निर्णय स्वतंत्रपणे, नागरिकांसमोर उघडपणे घेतले जाणे आवश्यक आहे.