लिफ्ट थांबते तेव्हा

कोलाड म्हटलं की बाहेरच्यांना कुंडलिकेतलं राफ्टिंग आठवतं. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी पाणी सुटतं आणि नदी काही तास उसळते. रेल्वेवाल्यांना आठवते रो-रो. २६ जानेवारी १९९९ ला मालाने भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून इथूनच पहिल्यांदा गोव्यातल्या वेर्ण्याला नेले गेले. आता नाक्याच्या आसपास आणि रोह्याच्या रस्त्याला चार-पाच मजली इमारती दिसतात. धाटावच्या एमआयडीसीतले नोकरदार, निवृत्तीनंतर गावाकडे परतलेले मुंबईकर, गुडघे दुखतात म्हणून जुनं घर सोडून फ्लॅटमध्ये आलेल्या आज्या अशी इथली वस्ती. या इमारतींत लिफ्ट आहे आणि ती आता जुनी होऊ लागली आहे.

मुंबईत लिफ्ट बंद पडली तर मेकॅनिक तासाभरात येतो. इथे तो पेणहून किंवा पनवेलहून येणार, तोही वर्षानुवर्षं काम चाललेल्या मुंबई-गोवा महामार्गावरून. सुटा भाग लागला तर दुसरी खेप. तोवर चौथ्या मजल्यावरचे आजोबा घरातच. म्हणून इथल्या सोसायटीत लिफ्ट थांबली की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, ‘काहीही करा, पण चालू करा.’ त्यातला ‘काहीही करा’ हा भाग फार धोक्याचा आहे. मला लिहायचं आहे ते त्याबद्दल.

जुलैतल्या एका दुपारी नाक्याजवळच्या एका इमारतीत सहा माणसांची लिफ्ट तळमजल्यावर थांबलेली होती. मेकॅनिक रेनकोट निथळत आला आणि हत्यारांची पिशवी उघडण्याआधी त्याने विचारलं, ‘काल-परवा कुणी जिना धुतला का?’ मग तो गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेला. कंट्रोलरवर वीज येत होती, तिन्ही फेज ठीक होते, मोटरला काही झालेलं नव्हतं. पण सेफ्टी सर्किटचा दिवा विझलेला होता.

हे सर्किट म्हणजे लिफ्टचा जीव. खाली तळाच्या खड्ड्यातला, म्हणजे पिटमधला, स्टॉप स्विच, वर-खाली टोकाचे लिमिट स्विच, वेग प्रमाणाबाहेर गेला तर उघडणारा गव्हर्नरचा स्विच, कारच्या, म्हणजे लिफ्टच्या केबिनच्या, दाराचा कॉन्टॅक्ट आणि प्रत्येक मजल्यावरच्या दाराचं लॉक, हे सगळे एकाच तारेत एकामागोमाग ओवलेले असतात. दिवाळीच्या जुन्या माळेतला एक दिवा गेला की अख्खी माळ विझायची, तसा यातला एकही कॉन्टॅक्ट उघडा राहिला तर मोटरला वीज मिळत नाही आणि ब्रेक आवळलेला राहतो. ब्रेकची रचनाही अशी की वीज आली तरच तो उघडतो. वीज गेली की स्प्रिंग त्याला घट्ट दाबून धरते. काहीही बिघडलं तर थांबायचं, हा या यंत्राचा पहिला नियम आहे.

मेकॅनिकने मीटर लावला. तो एका टोकापासून एकेक स्विच तपासत बसला नाही. साखळीच्या मधोमध वीज येते का पाहिलं. आली. म्हणजे अर्धी साखळी धड आहे. उरलेल्या अर्ध्याच्या मध्यावर पुन्हा मीटर. असं करत दहा मिनिटांत तो तिसऱ्या मजल्याच्या दारापाशी पोचला. दाराच्या उंबऱ्यातल्या खाचेत खडीचा एक बारीक तुकडा अडकला होता, त्यामुळे दार दोन-तीन मिलिमीटर उघडं राहत होतं. वरचं लॉक उघडलं तर कॉन्टॅक्टच्या पितळी पट्टीवर हिरवा गंज चढलेला. ओल आणि खडी, दोन्ही कारणं एकाच जागी.

सेक्रेटरी काका शेजारीच उभे होते. म्हणाले, ‘आता एवढ्यासाठी पार्ट आणायला परत पेणला जाणार? वायर जोडून चालू करा ना, पार्ट उद्या बसवा.’

मेकॅनिक नाही म्हणाला. ‘काका, त्या वायरवर लिफ्ट चालेल, पण दार उघडं असलं तरी चालेल.’

या वायरला धंद्यात जंपर म्हणतात. तपासणीसाठी मेकॅनिक स्वतः समोर उभा राहून क्षणभर जंपर लावतो, ते त्याच्या कामात येतं. पण लावून तो निघून गेला, किंवा विसरला, तर त्या मजल्याचं दार लिफ्टच्या हिशेबी कायमचं बंद ठरतं. मग दार उघडं असतानाही कार हलते. कुणी आत पाऊल टाकत असतानाच ती वर जाऊ लागते. कार दुसऱ्याच मजल्यावर असताना दार उघडलं गेलं, तर समोर रिकामी डक्ट, म्हणजे लिफ्टची उभी पोकळी, असते. लिफ्ट तुटून कोसळण्याची भीती सगळ्यांना असते, पण माणसं जखमी होतात आणि मरतात ती बहुतेक दारापाशी. लिफ्ट बंद पडण्याचं सर्वांत नेहमीचं कारणही दारच. ज्या ठिकाणी रोज बिघाड होतो तिथेच सगळ्यात मोठा धोका असावा आणि तिथेच तात्पुरती वायर लावायचा मोह व्हावा, यापेक्षा वाईट जुळणी मला दुसरी सुचत नाही.

दोर तुटण्याची भीती मात्र मनातून काढून टाकायला हरकत नाही. दोर एक नसतो, तीन-चार किंवा अधिक असतात आणि त्यांची ताकद इतकी जास्त धरलेली असते की त्यातला एकटाही भरलेली कार पेलेल. तेही सगळे तुटले तरी अखेरची सोय आहे. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस उंच फळीवर उभा राहिला आणि त्याने सर्वांसमोर दोर कापायला लावला. फळी जराशी खाली आली आणि दातेरी पट्टीत अडकून थांबली. आजच्या लिफ्टमध्ये हे काम गव्हर्नर आणि सेफ्टी गिअर करतात. कार ठरलेल्या वेगापेक्षा फार जोरात खाली निघाली की गव्हर्नर आपला दोर पकडतो आणि कारखालचे जबडे रुळांना चावतात.

१८५७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका दुकानात माणसांसाठी लिफ्ट लागली. मुंबईत काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात वाफेवर चालणारी लिफ्ट होती, असं सांगतात. पुढे दक्षिण मुंबईच्या इमारतींत जाळीच्या दाराच्या आणि लिफ्टमनच्या लिफ्ट आल्या. १९३९ साली मुंबई प्रांताने लिफ्टचा कायदा केला. लिफ्ट उभारायला परवानगी, चालवायला परवाना, सरकारी निरीक्षकाची तपासणी हे सगळं तेव्हाचं. २०१७ मध्ये महाराष्ट्राने नवा कायदा केला आणि त्यात सरकते जिनेही घेतले. विम्याचाही विषय त्यात आला. कोलाडमधल्या चार मजली इमारतीलाही तोच कायदा लागू आहे, जो नरिमन पॉइंटच्या टॉवरला.

कागद सारखा असला तरी हवा सारखी नाही. रायगडच्या या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. डक्टच्या तळाशी जो पिट असतो तो जमिनीच्या पातळीखाली असतो. जुलैत भिंतींतून झिरपलेलं पाणी तिथे साचतं. बफरच्या स्प्रिंगा गंजतात, गव्हर्नरच्या दोराला ताण देणारं वजन पाण्यात बुडतं, खालचा लिमिट स्विच ओला होतो. वर मशीनरूमची स्लॅब गळते आणि थेंब कंट्रोलरवर पडतात. कोरड्या जागेच्या शोधात पाल कार्डावर येऊन बसते आणि शॉर्टसर्किट करून मरते. मुंग्या रिलेत घुसतात. शहरातल्या हस्तपुस्तिकेत हे नसतं, पण इथल्या मेकॅनिकला ते पाठ असतं.

विजेचंही तसंच. वादळात लाइन तुटते, महावितरणचे वायरमन पावसात खांबावर चढून ती जोडतात, घराघरांत दिवे लागतात आणि लिफ्ट मात्र हलत नाही. लोक म्हणतात, वीज आली तरी लिफ्ट बिघडलेलीच. खरं तर जोडताना तीनपैकी दोन फेजची अदलाबदल झालेली असते. तसं झालं तर मोटर उलट फिरेल, वरचं बटण दाबल्यावर कार खाली जाईल. म्हणून कंट्रोलरमधला फेज रिले लिफ्टला चालूच होऊ देत नाही. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने जिल्ह्यात कित्येक दिवस अंधार केला होता, त्यामुळे अशा रात्रींची इथल्या लोकांना चांगली ओळख आहे. अशा वेळी फेज तपासून घ्यायचे आणि बदलायचे. रिले काढून टाकायचा नाही.

लिफ्टमध्ये माणूस अडकला तर काय करायचं, हेही स्पष्ट सांगायला हवं, कारण तिथे उतावीळपणाने जीव जातात. कार दोन मजल्यांच्या मध्ये असेल तर दार फाकवून उडी मारायची नाही. खाली कारच्या तळाशी उघडी डक्ट असते आणि उडी मारणारा त्यात सरकतो. आतली हवा संपत नाही. बोलत राहायचं, पाणी आणि धीर बाहेरून द्यायचा. मेकॅनिक आल्यावर आधी मेन स्विच बंद करतो, मग ब्रेक हाताने थोडाथोडा सोडून कार मजल्याशी आणतो. ऐकणाऱ्याला नवल वाटेल अशी एक गोष्ट इथे आहे. आपल्याकडे एका माणसाचं वजन ६८ किलो धरतात, म्हणजे सहा माणसांच्या लिफ्टची क्षमता ४०८ किलो. दोराच्या दुसऱ्या टोकाला टांगलेल्या काउंटरवेटचं वजन रिकाम्या कारपेक्षा या क्षमतेच्या सुमारे निम्म्याने जास्त ठेवलेलं असतं. म्हणून आत एकच माणूस असेल तर ब्रेक सोडल्यावर कार खाली न जाता वर जाते. हे माहीत नसलेल्याने ब्रेकला हात लावू नये.

नाक्याजवळच्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्याचं लॉक दुसऱ्या दिवशी दुपारी बदललं गेलं. जिना चढून दूध, औषधं, वर्तमानपत्र पोचवायला शेजारच्या मुलांनी मदत केली आणि एक रात्र निघून गेली. सेक्रेटरी काका थोडे नाराज होते, आणि मला ती नाराजी समजते. वर त्यांच्या आई होत्या. पण मेकॅनिकने जो नकार दिला त्याची किंमत मी दुरुस्तीच्या बिलात कुठेच पाहिली नाही, आणि त्याबद्दल त्याला दाद देणारंही कुणी नव्हतं. वार्षिक देखभालीचा करार कमीत कमी रकमेला द्यायचा आणि मग त्यातून इतका निग्रही माणूस मिळावा अशी अपेक्षा ठेवायची, हे जुळत नाही. कमी पैशात येणारा माणूस महिन्याला दहा मिनिटं येतो, वहीत सही करतो आणि जातो.

म्हणून सोसायटीने करार करताना रकमेच्या आधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. मेकॅनिक दर महिन्याला पिटमध्ये उतरतो का? कारवर चढून, लिफ्ट इन्स्पेक्शन मोडवर ठेवून, प्रत्येक मजल्याचं लॉक पाहतो का? दोराच्या तुटलेल्या तारा मोजतो का, व्यास मोजतो का? ब्रेकचं अस्तर किती उरलं, हे लिहून ठेवतो का? वीज गेल्यावर कार जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारी बॅटरी आहे का, आणि असली तर ती शेवटची कधी तपासली? जंपर वापरला तर वहीत नोंद होते का, आणि काढल्याची नोंद कोण करतं?

आणि ही कामं कोलाडमध्ये मे महिन्यातच उरकावीत. पिटला आतून वॉटरप्रूफिंग, पंप लागत असेल तर पंप, मशीनरूमच्या स्लॅबची दुरुस्ती, केबल येण्याच्या भोकांना जाळी, सगळ्या लॉकचे कॉन्टॅक्ट साफ करून गंजलेले बदलणं, उंबऱ्यांच्या खाचा झाडूने रोज साफ करायला सांगणं. इमारतीचं काम चालू असेल तर खडी-वाळू लिफ्टने नेऊ न देणं. पिटमध्ये पाणी भरतंच असेल तर रात्री कार दुसऱ्या मजल्यावर उभी करून ठेवणं. आणि दाराच्या लॉकचा एक जादा संच सोसायटीच्या कपाटात, म्हणजे पुढच्या वेळी मेकॅनिकला परत पेणला जावं लागणार नाही आणि वायर जोडायची गळही कुणी घालणार नाही.