यंत्र रुसत नाही!

संगणक बिघडला की कचेरीतील मंडळी त्याला दिवाळसणाला रुसलेल्या जावयाच्या पंक्तीला नेऊन बसवतात. कोणी थोपटतो, कोणी दटावतो, कोणी उदबत्तीही ओवाळतो! गेली बावीस वर्षे ही यंत्रे दुरुस्त करण्यावर माझे घर चालते. त्या अनुभवाने सांगतो, यंत्र कधी रुसत नाही. ते आपल्या परीने काही सांगत असते. ऐकणारा मात्र हवा.

२०१८ च्या दिवाळीच्या तोंडावर भोसरीतील एका लहान कारखान्यात मला याचा रात्रभर प्रत्यय आला. दुसऱ्या दिवशी सकाळी साठ कामगारांना पगार आणि बोनस द्यायचा होता. निम्मी मंडळी दुपारच्या एस.टी.ने गावी निघणार. आणि पगारपत्रकाचा संगणक चालता चालता एकाएकी बंद पडे! दुसरा आणावा, तर हिशेबाच्या प्रणालीचा परवाना याच यंत्राशी जखडलेला. हिशेबनीस बाई घरी निरोप धाडून खुर्चीत बसून राहिल्या होत्या.

रात्री नऊला मी काम हाती घेतले. आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या, तर गुण कोणत्या औषधाने आला ते कळत नाही. आधी प्रिंटर सोडवला. मग पॉवर सप्लाय बदलून पाहिला. नंतर मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने घासल्या. बारा वाजले, तरी रड तीच!

दुसरा नियम नोंद ठेवण्याचा. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठात ‘मार्क-२’ या गणकयंत्राच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. तेथील मंडळींनी तो चिकटपट्टीने चक्क नोंदवहीतच चिकटवून ठेवला! मीही यंत्र किती वेळ चालते ते एका जुन्या पाकिटावर टिपू लागलो. पहिल्यांदा ११ मिनिटे. लगेच लावले तर ४. पुन्हा लगेच, तर ३. चहासाठी अर्धा तास थांबून लावले, तर परत ११!

रात्रपाळीचे पहारेकरी मामा हे आकडे पाहत उभे होते. म्हणाले, “साहेब, याला दम लागतोय.”

अगदी खरे! मी प्रोसेसरवरचा पंखा उतरवला. खालच्या धातूच्या पात्यांत धुळीची गोधडीच बसली होती. दिवाळीच्या झाडलोटीत कचेरी लख्ख झाली होती. पण झटकलेली धूळ पंख्याने आत ओढून घेतली होती. उष्णता पुढे पोचवणारा लेप सुकून खडूसारखा झाला होता. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास तापला, की जळून जाऊ नये म्हणून यंत्र आपण होऊन बंद पडते. आम्ही ज्याला हट्ट म्हणत होतो, तो त्याचा शहाणपणा होता.

धूळ काढली, नवा लेप लावला, पंखा बसवला. यंत्र तासभर अखंड चालले. पहाटे चारला पगारपत्रक छापून झाले, तेव्हा बाईंनी प्रथम डोळे पुसले आणि मग बेरीज तपासली! सकाळी नऊला वाटप सुरू झाले.

गृहिणींनो आणि गृहस्थांनो, यंदा माळा झाडाल तेव्हा घरच्या संगणकावर कापड टाका. तो बंद करून, वायर काढून, त्याच्या जाळीवरची धूळ मऊ कुंचल्याने झाडा. आणि तो मध्येच थांबू लागला, तर चापट मारण्याआधी घड्याळ पाहा.