यकृतातली गाठ आणि सीटीचं घड्याळ

धर्मापुरीहून पोटदुखीची तक्रार घेऊन निघालेला माणूस परळी नाहीतर अंबाजोगाई गाठतो, सोनोग्राफी करतो. पित्ताशयात खडे आहेत का, एवढंच बघायचं असतं. रिपोर्टमध्ये मात्र एक ओळ जास्तीची येते: यकृतात दोन सेंटिमीटरची गाठ, सीटी स्कॅन करून घ्यावा. घरी पोचेपर्यंत त्या ‘गाठी’चा कॅन्सर झालेला असतो. टोळी ऊसतोडीला निघायच्या दिवसांत हा कागद हाती आला, तर तपासणी आधी की फड आधी, हाही प्रश्न असतोच.

ज्याला यकृताचा जुना आजार नाही, कावीळ ‘ब’ किंवा ‘क’ नाही, पूर्वी कुठला कॅन्सर झालेला नाही, अशा माणसात योगायोगानं सापडलेली लहान गाठ बहुतेक वेळा निरुपद्रवी निघते. कधी ती पाण्याची साधी गाठ असते, कधी हेमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता. हेमॅन्जिओमा पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतो. सोनोग्राफीत तो पांढरा ठिपका दिसतो, पण कॅन्सरच्या काही गाठीही तशाच दिसतात. म्हणून सीटी.

सीटी मुळात घनता मोजतो. पाण्याची शून्य, हवेची उणे १०००. या मापाला गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचं नाव आहे. १९७१ मध्ये लंडनला पहिल्या रुग्णाचा स्कॅन त्यांच्याच यंत्रावर झाला आणि १९७९ मध्ये त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. साधी पाण्याची गाठ शून्याच्या आसपास, फार तर २० पर्यंत भरते. तिचा निकाल लगेच लागतो.

हेमॅन्जिओमाला मात्र वेळ द्यावा लागतो. हाताच्या शिरेतून कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देतात आणि त्याच जागेचे फोटो पुन्हा पुन्हा घेतात: साधारण ३० सेकंदांनी, मग ७० सेकंदांनी, मग तीन ते पाच मिनिटांनी. यकृताला रक्त दोन वाटांनी मिळतं, थोडं रोहिणीतून आणि बरंचसं आतड्याकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून. म्हणून हा सगळा वेळेचा हिशोब. हेमॅन्जिओमात आधी फक्त कडेला तुटक पुंजके उजळतात, मग उजेड हळूहळू मध्याकडे सरकतो, आळ्यात पाणी कडेनं शिरत मध्यापर्यंत भरावं तसा. यकृताचा कॅन्सर बहुधा उलट वागतो: पहिल्याच फोटोत झटकन उजळतो आणि पुढच्या फोटोंत आजूबाजूच्या यकृतापेक्षा काळा पडतो. अगदी लहान हेमॅन्जिओमा कधी एकदम भरतो. तेव्हा त्याचा उजेड शेजारच्या रक्तवाहिनीइतकाच राहतो का, हे प्रत्येक फोटोत ताडून पाहतात. तरीही शंका उरली तर एमआरआय.

म्हणजे कॉन्ट्रास्टशिवाय काढलेला साधा सीटी या कामाला जवळजवळ निरुपयोगी. पैसे जातात, किरणं अंगावर येतात आणि ‘पुन्हा करा’ असं ऐकावं लागतं. चिठ्ठीवर ‘लिव्हर, ट्रिपल फेज’ लिहिलंय का, हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारलेलं बरं. क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत हवा. दमा, पूर्वी इंजेक्शनची आलेली ॲलर्जी, मधुमेहाच्या गोळ्या, दिवस गेल्याची शक्यता हे सगळं आधी सांगायचं.

सुई घालून तुकडा काढायची घाई करू नये. हेमॅन्जिओमात रक्तस्रावाची भीती असते. कुत्र्याच्या विष्ठेतून पसरणाऱ्या हायडॅटिड जंताची पाण्याची गाठ असेल, तर ती फुटून जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते. मेंढरं-कुत्री पाळणाऱ्या घरात ही शक्यता डॉक्टरांच्या कानावर घालावी. तिच्या आत लहान लहान गाठी किंवा कडेला चुन्याचा थर दिसला, तर सीटीतच ती बहुधा ओळखू येते.

हेमॅन्जिओमा ठरला आणि त्रास नसेल, तर औषध नाही, ऑपरेशन नाही, पथ्यही नाही. फिल्म आणि सीडी तेवढी ट्रंकेत जपून ठेवायची; पाच वर्षांनी दुसऱ्या कुणी सोनोग्राफीत तीच गाठ पाहिली, तर जुना फोटो शेजारी धरता येतो.