गरम पाण्याचे झरे : परदेशात कुंडावर जाताना काय घालावं?



शिकून नोकरीला परदेशी गेलेली मुलं आता जालना जिल्ह्यातल्या घराघरांत आहेत. त्यांच्याकडे आई-वडील, नातवंडं जातात आणि तिथल्या गरम पाण्याच्या कुंडावरही जातात. तिथे पहिला प्रश्न पडतो तो कपड्यांचा. तो आधीच माहीत असला, तर ऐनवेळी कुणाची पंचाईत होत नाही.

गरम झरे आपल्याला नवीन नाहीत. मराठवाड्यात नांदेड जिल्ह्यातलं उनकेश्वर, खानदेशात उनपदेव, कोकणात उन्हवरे, ठाणे-पालघरकडे वज्रेश्वरी-गणेशपुरी. 'ऊन ऊन भात' म्हणताना जो 'ऊन' शब्द आपण वापरतो, तोच या नावांत ऐकू येतो. अशा कुंडांवर पुरुष पंचा किंवा चड्डीवर उतरतात, बायका साडी किंवा ड्रेससकट. आपल्याकडे अंग झाकणं ही मर्यादा. परदेशात मात्र कपड्यांचा नियम बऱ्याचदा पाण्याच्या स्वच्छतेवरून ठरतो. एवढी एक गोष्ट समजली की बाकीचे नियम आपोआप उलगडतात.

जपान : तिथल्या गरम झऱ्यांना 'ओन्सेन' म्हणतात. पाण्यात कोणताही कपडा घालायचा नाही, स्विमसूटसुद्धा नाही. स्त्री-पुरुषांची कुंडं बहुतेक ठिकाणी वेगळी असतात. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ आंघोळ करायची, मगच कुंडात उतरायचं. केस लांब असतील तर वर बांधायचे. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. लोक तो डोक्यावर ठेवतात. अनेक ठिकाणी टॅटू चालत नाही. आपल्या आजीच्या हातावरचं गोंदणही तिथे टॅटूच समजलं जाऊ शकतं, म्हणून आधी विचारून घ्यावं. संकोच वाटत असेल तर काही ठिकाणी कुटुंबासाठी स्वतंत्र कुंड भाड्याने मिळतं.

आइसलंड : इथे स्त्री-पुरुष एकत्र पोहतात, त्यामुळे स्विमसूट हवाच. पण त्याआधी शॉवरखाली, स्विमसूट न घालता, साबणाने अंग धुणं सक्तीचं असतं. शॉवर स्त्री-पुरुषांचे वेगळे असतात.

हंगेरी आणि जर्मनी : बुडापेस्टचं सेचेनी स्नानगृह 1913 साली सुरू झालं. तिथे स्विमसूट लागतो आणि पोहण्याच्या तलावात टोपीही. जर्मनीत गरम पाण्याच्या तलावात स्विमसूट घालतात. सौना विभागात मात्र सहसा कपडे चालत नाहीत.

साडी, सुती ड्रेस का चालत नाही? सुती कपड्याचा रंग, धागे आणि धुण्याच्या पावडरीचा अंश पाण्यात उतरतो. शिवाय भिजलेली साडी जड होते, पायात अडकते. अंग झाकायचं असेल तर पोहण्याच्या कापडाचा पूर्ण बाह्यांचा पोशाख मिळतो. तो चालतो का, हे आधी विचारावं. चांदीचे दागिने घरीच ठेवा, गंधकाच्या पाण्याने ते काळे पडतात. आणि मोबाईल कपाटातच! कपडे बदलण्याच्या जागी किंवा कुंडावर फोटो काढणं ही कपड्यांपेक्षा मोठी चूक. आपल्याकडच्या कुंडांवरही हे पाळायलाच हवं.

मुलांना काय सांगावं? "ते लोक निर्लज्ज" असं मुलांसमोर बोलू नये. जपानी माणसाला अंग न धुता, कपड्यांसकट कुंडात उतरणं तितकंच विचित्र वाटतं. त्याचबरोबर मुलांना हेही सांगावं, की मन तयार नसेल तर "मी नाही येत" म्हणायचा हक्क आपल्याला आहे. काठावर बसून, जिथे सोय असेल तिथे नुसते पाय बुडवूनही आनंद घेता येतो. मुलीला किंवा आजीला "एवढ्या लांब आलोय तर चल" म्हणून आग्रह करू नये.

वर्गासाठी उपक्रम : मुलांना विचारा, "आपल्या गावच्या विहिरीवर, नदीवर किंवा कुंडावर आंघोळीचे कोणते नियम आहेत?" प्रत्येक नियमापुढे 'स्वच्छता', 'मर्यादा' की 'सुरक्षितता' असं कारण लिहायला सांगा. कारण कळलं की मुलं नियम पाठ करत नाहीत, समजून पाळतात.